उरलेला माल

माझ्या नवऱ्याचं पार्थिव घेऊन माकुणसारला जे जवान आले होते, त्यांतला एकजण निघण्याआधी ओटीवर सासऱ्यांच्या शेजारी येऊन बसला. माझ्या नवऱ्यासारखाच तोही सैन्याच्या पुरवठा विभागात ट्रक चालवायचा. डोंगरातल्या चौक्यांना रॉकेल, पीठ, गरम कपडे पोचवायचं काम दोघं बरोबरच करत. अपघात झाला तेव्हा त्याचा ट्रक माझ्या नवऱ्याच्या ट्रकच्या लगेच मागे होता. मी आत, दाराच्या आड बसले होते. बराच वेळ तो नुसता हातातली टोपी फिरवत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "माल सरक गया था, बाबूजी. मोड पे."

सासऱ्यांनी काही विचारलं नाही. तो उठला, त्यांच्या पाया पडला आणि गाडीत जाऊन बसला.

पुढे आम्हाला जे रीतसर कळवण्यात आलं त्यात खराब हवामान आणि निसरडा रस्ता ही कारणं होती. मालाचं त्यात काही नव्हतं आणि नंतर कुणी तो विषय काढलाही नाही. पेटी बंद होती. आत कोण आहे ते सासऱ्यांनी पाहून घेतलं होतं. मला कुणी पाहू दिलं नाही, मीही हट्ट केला नाही. नवऱ्याचं शेवटचं असं माझ्यापाशी जे उरलं ते त्या जवानाचं वाक्य.

ते माझ्या मागे लागलं. स्वयंपाकघरात फळीवरचा एखादा डबा जरा घसरला तरी मी हातातलं काम टाकून तिकडे बघत राहायचे. सफाळ्याच्या रस्त्यावर भाजीचा टेम्पो वळला आणि मागच्या क्रेटांचा खडखडाट झाला की मी जागीच थांबायचे. सफाळ्याजवळून मालगाड्यांचा नवा मार्ग गेला आहे. त्यावरून एकावर एक कंटेनर चढवलेल्या लांबच लांब गाड्या जातात. लोकांना त्यांची सवय झाली होती. मी मात्र रस्त्याच्या कडेला थांबून प्रत्येक कंटेनर नीट बसलाय ना ते बघायचे आणि गाडी संपेपर्यंत तिथून हलायचे नाही.

आमच्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. त्यातलाही बराच काळ तो डोंगरात आणि मी वाडीत. सुट्टीवर आला की वडिलांबरोबर पानांच्या करंड्या बांधायला बसायचा. आमच्या घरची पानवेल जुनी. नागवेलीची पानं केळीच्या सुक्या पानांत रचून, करंडीत दाबून, वरून सुतळीने आवळून बाहेरगावी पाठवतात. ती आवळायची एक गाठ सासऱ्यांच्या हातात होती, आणि मुलाला त्यांनी ती शाळेच्या वयातच शिकवली होती. "फौजेत मला कोणी रस्सा मारायला शिकवला नाय," तो हसून सांगायचा, "मीच त्यांना शिकवला."

एकदा आम्ही मोटरसायकलवरून मनोरला गेलो होतो. हायवेवरच्या हॉटेलात चहा पिताना त्याचं लक्ष समोर उभ्या असलेल्या एका ट्रककडे गेलं. ताडपत्रीवरून मारलेला रस्सा सैल होता. चहा तसाच ठेवून तो उठला, ड्रायव्हरला शोधून काढलं, वर चढला, रस्सा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून आवळून दिला. ड्रायव्हर खाली उभा राहून गुटखा चघळत बघत होता. परत येऊन गार चहा पिताना माझा नवरा म्हणाला, "याचा माल वसईच्या आधीच रस्त्यावर आला असता."

अशा माणसाचा माल सरकतो कसा, हे मला कळत नव्हतं.

तो गेल्यावर वर्षभराने पालघरला सैनिकांच्या कुटुंबांचं काम पाहणाऱ्या कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की सैन्याच्या एका डेपोत भांडारातली जागा मला मिळू शकेल. त्याआधी सामानाची साठवण, बांधणी आणि पाठवणी यांचं प्राथमिक प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागेल. तसा एक वर्ग बोईसरला चालतो.

"दुसरं काही हवं असेल तर तेही बघू," त्या म्हणाल्या. "हे काम तुम्हाला जड जाईल का?"

मी म्हटलं, घरी विचारते.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "तेच काम? जगात दुसरं काय नाय तुला करायला?"

"शिकून तर बघते, आई."

"त्या कामानं या घराचं काय केलं ते बघितलंस ना?"

सासरे पडवीत होते. तिथूनच ते म्हणाले, "जायचं हाय तं जाऊ दे तिला. कळू दे."

काय कळू दे, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलगा गेल्यापासून ते तसेही कमी बोलायचे. करंड्या बांधणंही त्यांनी सोडलं होतं. पानं खुडायचे, रचून द्यायचे, पण आवळायची वेळ आली की उठून कुठेतरी निघून जायचे, आणि ते काम गडी करायचा. दुःखाने माणूस असं करतो, एवढाच अर्थ मी त्याचा लावला होता.

बोईसरचा वर्ग स्टेशनपासून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये भरायचा. आजूबाजूचे कारखाने चालू होते. वारा फिरला की घशात एक आंबट-कडू वास येऊन बसायचा आणि डबा उघडला तर भाकरीलाही तीच चव लागायची. रस्त्यावर दिवसभर ड्रम आणि पोती घेऊन जाणारे ट्रक, आणि टपरीवर हिंदीत गप्पा मारणारे कामगार. वर्गातली बहुतेक मुलं सैन्यात भांडाराच्या कामासाठी भरती व्हायची तयारी करत होती. काहींना इथल्याच गोदामांत नोकरी हवी होती. बायका आम्ही दोघीच. दुसरी मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, विशीतली मुलगी. पावसाचं भात झालं की तिचे आईबाप वीटभट्टीवर जायचे आणि लहानपणापासून तीही त्यांच्याबरोबर गेली होती. आता तिला ते नको होतं. पहिल्याच दिवशी ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तुमाला गाठी येतात काय?"

"थोड्याफार."

"मंग मी इथंच बसते," असं म्हणून तिने पिशवी बाकावर ठेवली.

शिकवायला घाटावरचे एक निवृत्त सुभेदार होते. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना उस्तादच म्हणायचो. पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. "ताई, तुमचं मला ठाऊक आहे. वर्गात मी ते काढणार नाही. कधी उठून बाहेर जावंसं वाटलं तर विचारत बसायचं नाही. सरळ जायचं."

ते शिकवत ते सगळं साधं होतं. आलेला माल उतरवून घेताना काय तपासायचं, काय कशाशेजारी ठेवायचं नाही, आधी आलेलं आधी बाहेर पडावं म्हणून थप्प्या कशा लावायच्या. रॉकेलजवळ पीठ ठेवलं तर वरच्या चौकीवर कुणीतरी वासाची रोटी खातो, असं त्यांनी एकदा सांगितलं आणि मुलं हसली. मी त्या रोटीबद्दल ऐकलेलं होतं. फोनवर एकदा तो म्हणाला होता, आज जेवणाला रॉकेलचा वास येत होता, तरी दोन जास्त खाल्ल्या. तेव्हा मी वाडीत बसून त्याला म्हटलं होतं, मग परत करायची ना. डोंगरात रोटी कुणाला परत करणार, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

असं रोज व्हायचं. उस्ताद ताडपत्रीविषयी बोलत असोत की लोकरी मोज्यांच्या गाठोड्यांविषयी, ते बोलणं फिरून त्याच्यापाशी जायचं. मी मान खाली घालून लिहून घ्यायचे.

शेडच्या मागे मोकळ्या जागेत एक जुना ट्रक होता. इंजिन काढलेलं, चाकांच्या जागी लाकडी ठोकळे, पण केबिन आणि मागचा हौदा शाबूत. पाण्याने भरलेले जेरीकॅन आणि वाळूची पोती चढवून आम्ही त्यावर सराव करायचा होता. पहिल्यांदा मागे गेलो तेव्हा दुपार होती. ती मुलगी आणि मी रस्सा घेऊन दोन बाजूंना उभ्या होतो. मी सहज केबिनकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीत एक कोपर टेकलेलं होतं. बाही वर दुमडलेली, हात उन्हाने रापलेला.

मला धक्का बसला नाही. आला, एवढंच वाटलं.

"ताई, ओढा ना," पलीकडून ती म्हणाली. माझ्या हातातला रस्सा ढिला पडला होता. ती हौद्याला वळसा घालून माझ्याकडे आली. माझं काय झालंय ते तिला मी तोवर सांगितलं होतं. तिने केबिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दिसतो?"

मी मान हलवली.

"दिसतो तं दिसू दे," ती म्हणाली. "रस्सा सोडू नका."

त्यानंतर तो रोजच असायचा. चेहरा कधी दिसला नाही, त्याने वळूनही पाहिलं नाही. खिडकीतलं ते कोपर तेवढं. मी जवळ जायचे नाही. जवळ गेले तर आत सीटचा फाटलेला रेक्झिन आणि वाळकी पानं असणार हे मला ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत मुलं टपरीवर जायची आणि मी डबा घेऊन मागच्या भिंतीच्या सावलीत, जिथून ती खिडकी दिसते अशा जागी बसायचे. सकाळी सफाळ्याहून एक गाडी आधीची पकडायला लागले. सासूबाई एकदा सहज म्हणाल्या, "हल्ली तू जाताना केस बरे करून जातेस." तेव्हा मला कळलं की मी त्याला भेटायला जात होते.

मी घाबरले. पण दुसऱ्या दिवशी तीच आधीची गाडी पकडली.

काही आठवड्यांनी उस्ताद म्हणाले, "आज माल कसा सरकतो ते बघायचं." त्यांनी मुलांकडून हौदा भरून घेतला, रस्सा मारून घेतला आणि ट्रकच्या एका बाजूखाली जॅक लावला. मुलांना गंमत वाटत होती. एकाने मोबाइल काढला, उस्तादांनी तो खिशात ठेवायला लावला. जॅक थोडा वर गेला. आणखी थोडा. रस्सा कुरकुरला. मग आतून एक लहानसा आवाज आला, कुणी वाळूवरून पाय ओढत चालावं तसा, आणि थांबला. आता काही होत नाही असं वाटलं. तेवढ्यात सगळे जेरीकॅन एकदम एका अंगाला गेले आणि हौद्याच्या फळ्यांवर आदळले. ठोकळ्यांवर तो अख्खा ट्रक थरथरला.

मुलांचं हसणं बंद झालं. मी केबिनकडे पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं.

मी तिथून निघाले ती शेडच्या पुढच्या बाजूला, नळापाशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने उस्ताद आले. त्यांनी नळ सोडला, हात धुतले, उगाचच पुन्हा धुतले.

"आत बसलेल्याला तो आवाज ऐकू येतो?" मी विचारलं.

"येतो."

"मग?"

"मग स्टिअरिंग हलकं लागतं. गाडी आपली राहत नाही."

"म्हणजे त्याला कळलं असेल."

त्यांनी रुमालाने हात पुसले. "ड्रायव्हर चांगला असेल तर कळलं असेल, ताई."

"चांगला होता."

"मग कळलं असेल."

त्यांनी माझी समजूत घातली असती तर मी त्यांच्याशी पुन्हा कधी नीट बोलले नसते. मी तोंडावर पाणी मारलं. म्हटलं, "तो रस्सा फार चांगला मारायचा. सगळे तसं म्हणतात. मग माल सरकला कसा?"

"मी तिथं नव्हतो. मी कसं सांगू?" ते म्हणाले. मग नळ बंद करत, "पण रस्सा चांगला असूनही माल सरकतो. वाटेत माल कमी केला की. निघताना बांधलेला असतो भरल्या गाडीच्या मापाने. मधल्या चौकीवर अर्धा उतरवला की आत जागा मोकळी होते. वरून कितीही आवळा, आत तो हलायला मोकळाच. म्हणून उरलेला माल हा नवा माल समजायचा. सगळा सोडायचा, पुन्हा रचायचा, पुन्हा बांधायचा. हे उद्या शिकवणारच होतो."

त्या दिवशी मी पुन्हा वर्गात बसले नाही. बोईसर स्टेशनच्या टोकाला, जिथे फलाटावरचं छप्पर संपतं तिथल्या बाकावर बसून, ओटीवर टोपी फिरवत बसलेल्या त्या जवानाला फोन लावला. तो मधूनमधून सासऱ्यांची विचारपूस करायला फोन करायचा, त्यामुळे नंबर माझ्याकडे होता. एवढ्या दिवसांत मी आपणहून त्याला कधी फोन केला नव्हता.

"भाभीजी, घर पे सब ठीक?"

"सब ठीक. एक पूछना था. रास्ते में माल उतारा था क्या?"

  मग तो म्हणाला, "आपको किसने बताया?"

"किसी ने नहीं. सीख रही हूँ."

मग त्याने सांगितलं. मधल्या एका चौकीवर पुढच्या बाजूचे जेरीकॅन उतरवले होते. बर्फ सुरू व्हायच्या बेतात होता आणि रस्ता बंद होण्याआधी खिंड ओलांडायची होती. माझा नवरा रस्सा सोडायला वर चढला होता. पहिली गाठ त्याने सोडलीही होती. "मैंने हॉर्न मारा, भाभी," तो म्हणाला. "मैंने कहा, ऊपर से कस दे, चल, देर हो रही है." माझ्या नवऱ्याने मागे वळून पाहिलं, हात केला, रस्सा वरूनच ओढला, गाठ मारली आणि उतरला. पुढची खिंड चढेपर्यंत काही झालं नाही. उतारावरच्या एका वळणावर झालं.

तो रडत नव्हता. त्याचा आवाज सपाट होता. हे सगळं तो रोज मनातल्या मनात कुणाला तरी सांगत असणार.

"और गाठ?" मी विचारलं.

"गाठ वैसी की वैसी थी. नीचे जाके हमको रस्सा काटना पडा."

 राग यायला हवा होता, तो येत नव्हता. शेवटी मी विचारलं, "खाना खाया?"

"नहीं."

"खा लो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. समोरून एक गाडी येऊन गेली, मी चढले नाही.

घरी गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. सासरे वाडीत पानांच्या ढिगाशी बसून एकेक पान फडक्याने पुसून रचत होते. मी त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, गाठ सुटली नव्हती."

त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. "कोण बोलला?"

"तो आला होता ना, ओटीवर बसला होता, तो. आज त्याला विचारलं."

"गाठ तशीच होती?"

"तशीच. कापून काढायला लागली."

त्यांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे खाली आले, आणि इतके दिवस ते वर उचललेले होते हे मला तेव्हा दिसलं. आपण शिकवलेली गाठ सुटली आणि पोरगा गेला, असं धरून हा माणूस वर्षभर हिंडत होता. घरात कुणाला बोलला नव्हता. करंडी आवळायची वेळ आली की तो का उठून जायचा ते मला आता समजलं.

मग त्यांनी डोळे उघडले. "मंग माल सरकला कसा?"

इथे मी गप्प बसू शकले असते. पण त्यांना माझ्याकडून खोटं नको होतं, मला उस्तादांकडून नको होतं तसंच.

"वाटेत अर्धा उतरवला होता."

त्यांनी समोरच्या अर्ध्या भरलेल्या करंडीकडे पाहिलं. "उरलेला परत रचला नाय त्यानी?"

"बर्फ येत होता. घाई केली त्याला सगळ्यांनी. वरूनच आवळला."

"वरूनच," ते म्हणाले. मग अगदी हळू, जणू मुलगा समोर बसला आहे अशा आवाजात, "किती वेळा बोललो मी तुला. पानं काढली तं करंडी रिकामी करायची न् परत रचायची. वरून आवळून काय होत नाय."

ते उठले आणि वेलींच्या रांगांमधून आत गेले. मी तिथेच बसून राहिले. पुसलेली पानं एका बाजूला, न पुसलेली एका बाजूला होती, ती मी रचून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा स्वतः करंड्या बांधायला लागले. हात पूर्वीसारखेच चालायचे. पण मी समोर आले की काम करता करता ते नजर दुसरीकडे वळवायचे, आणि मी त्यांना सांगायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

परीक्षेला बाहेरून एक अधिकारी आले होते. लेखी झालं, तोंडी झालं. प्रात्यक्षिकात त्यांनी मला आणि त्या मुलीला हौदा भरायला लावला, आणि भरून झाल्यावर म्हणाले, आता पुढचे जेरीकॅन उतरवा आणि गाडी निघायला तयार करा. वेळ ठरवून दिलेली होती. आम्ही रस्सा पूर्ण सोडला, ताडपत्री काढली. उरलेले कॅन मधोमध आणून खाली फळ्या सारत होतो, तेव्हा तो मला दिसला. जॅकच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. तेच कोपर, तीच दुमडलेली बाही. बाहेर तारापूर रस्त्यावर कुठला तरी ट्रक अडला होता आणि मागचा हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तो हॉर्न थांबेचना.

माझे हात भरभर चालायला लागले. फळी वाकडी बसली.

"ताई," ती मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "तो हॉर्न आपला नाय."

मी ती फळी काढली आणि पुन्हा लावली. मग पुढची. केबिनकडे मी परत पाहिलं नाही. आम्हाला वेळ जास्त लागला. अधिकाऱ्यांनी घड्याळात बघितलं, गुण कापले आणि जॅक लावायला सांगितला. ट्रक कलला, रस्सा कुरकुरला, मुलं दोन पावलं मागे सरकली. माल होता तिथेच राहिला. उस्ताद भिंतीला टेकून उभे होते. ते तसेच नळाकडे गेले.

खिडकीकडे पाहिलं तेव्हा ती मोकळी होती.

आम्ही दोघीही पास झालो. तिने प्रमाणपत्राचा फोटो भट्टीवर असलेल्या तिच्या आईबापांना पाठवला, आणि महिनाभरात वाणगावजवळच्या एका गोदामात कामाला लागली. अजून फोन करते. गोदामातल्या पुरुषांना आपण कसं ओरडतो ते रंगवून सांगते. माझं नेमणुकीचं पत्र यायला जरा वेळ लागला, पण आलं. डेपो घरापासून लांब आहे. मी तिथेच राहते, थंडीच्या सामानाच्या शेडमध्ये काम करते. तिथे रोज ट्रक भरतात. ड्रायव्हर पोरं देशभरातून आलेली, कुणी पंजाबचा, कुणी मणिपूरचा. सगळं बांधून झालं की माझ्याकडे बघून विचारतात, "मॅडम, निकलें?" मी हो म्हणायला वेळ लावते, असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते. मधे कुठे माल उतरवणार आहात ते विचारते, आणि उरलेलं पुन्हा रचायला सांगते. पोरं "जी मॅडम" म्हणतात. वर डोंगरात ती काय करतात ते मला दिसत नाही. कुणाच्या मागे कोण हॉर्न वाजवतोय, तेही नाही.

तिथे इतके ट्रक आहेत, इतक्या खिडक्या. तो कधी आला नाही. सुरुवातीला मी रोज बघायचे. आता रोज बघत नाही, पण बघते.

गेल्या सुट्टीत माकुणसारला गेले होते. दुपारी जेवणं झाली, सासरे आत पडले होते. सासूबाई मागच्या पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी जाऊन बसले तेव्हा मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझ्याकडं येतो काय तो?"

कोण, असं मी विचारलं नाही. "आधी यायचा. आता नाही."

"इथं येतो," त्या म्हणाल्या. "याच वेळेला. मागल्या दारी पाय धुतो, मला पाण्याचा आवाज येतो. आत येत नाय."

"तुम्ही हाक मारलीत कधी?"

"नाय मारत. हाक मारली न् गेला तं?"

त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. मी दुसरं सूप ओढून घेतलं, त्यात थोडे तांदूळ घेतले आणि मागच्या दाराकडे पाठ करून बसले, म्हणजे कुणी आपल्यावर नजर ठेवून आहे असं त्याला वाटायला नको.